सातवी ‘ड’ दोनदा मोजली

मुंबईत मी काय काम करत होते असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. शिक्षिका होते म्हणाले तर खोटं होईल. शिपाई होते म्हणाले तर अर्धंच खरं. मग मी म्हणते, “शाळेतले वर्ग मोजत होते.”

“म्हणजे बाकं, फळे वगैरे?”

“नाही हो. त्या वर्गात बसून पोरांना कसं वाटतं, ते.”

इथे बहुतेक लोक विषय बदलतात. या अंकाच्या संपादकांनी बदलला नाही, उलट “लिहून द्या” म्हणाले, म्हणून ही हिंमत. आठवीपर्यंत शिकलेल्या बाईच्या लिहिण्यात जे उणं राहील ते वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव यवतमाळकडे, दारव्ह्याच्या अलीकडे. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीचं एक वर्ष तालुक्याला चालत जाऊन केलं. मग आई अंथरुणाला खिळली, घरचं बघायला कुणी नव्हतं, आणि दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. ऐंशी साल उलटून गेल्यावर लग्न होऊन घाटकोपरला आले. आमचे हे मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर. माहेर इतकं लांब, की मी रडून लिहिलेल्या पत्राचं उत्तर यायचं तेव्हा मी कशासाठी रडले होते तेच मला आठवत नसायचं.

शेजारणीच्या ओळखीने अंधेरीच्या एका बी.एड. कॉलेजात काम लागलं. सायक्लोस्टाइलच्या मशीनवर. आता ते मशीन कुणाला माहीत नसेल. मेणाच्या कागदावर टाइप करायचं, तो कागद शाईच्या रुळावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवत राहायचं, की एकाच्या शंभर प्रती निघतात. फिरवणारीचे हात कोपरापर्यंत काळे. मी त्या कागदांवरचं सगळं वाचायची. वाचायला दुसरं काही नव्हतंच.

त्या कॉलेजात लिमये बाई शिकवायच्या. पार्ल्याच्या. उंच, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलता बोलता चष्मा शोधायच्या, तो डोक्यावर असायचा. त्यांची पीएच.डी. चालली होती. विषय असा की वर्गाची हवा कशी आहे ते वर्गातल्या मुलांनाच विचारायचं. मास्तर सांगतात आमचा वर्ग छान, इन्स्पेक्टर येऊन सांगतो शिस्त उत्तम. पण जी पोरं तिथे दिवसभर बसतात त्यांना कुणी विचारत नाही. बाईंनी त्यासाठी वाक्यं काढली होती. ‘आमच्या वर्गात सगळे एकमेकांना मदत करतात.’ ‘आमच्या वर्गात काही मुलं एकटी पडतात.’ ‘बाई किंवा सर आमचं ऐकून घेतात.’ ‘आमच्या वर्गात भांडणं होतात.’ प्रत्येक वाक्यापुढे तीन गोल: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. मुलांनी एक गोल काळा करायचा. नाव लिहायचं नाही.

त्या कागदांच्या प्रती मी काढायची आणि गठ्ठे उचलून बाईंबरोबर शाळांत जायची. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या पोरांना कोरा कागद दिला की ती आधी समास आखतात, मग वर मधोमध ‘श्री’ लिहितात, मग नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. नाव नको म्हणून मी घसा कोरडा करायची आणि पहिल्या बाकावरची मुलगी विचारायची, “ताई, मग आमचा पेपर कुठला ते तुम्हाला कळणार कसं?” पास किती मार्कांना, हा प्रश्न तर प्रत्येक शाळेत. वेसाव्याच्या बाजूला एका शाळेत ‘वर्गातले सगळे माझे मित्र आहेत’ हे वाक्य वाचलं तर एक मुलगा उभा राहिला. “ताई, चुलतभाव धरायचे का? मग आमचा सगला वर्गच भाव हाय.” बाईंनी पुस्तकांत कितीतरी देश बघितले होते, पण अख्खा वर्ग एकाच वाडीतला निघेल याची सोय कुठल्याच पुस्तकात नव्हती.

वाक्यं मोठ्याने वाचून दाखवायची, कारण सगळ्यांना सारखं वाचता येत नसे. सुरुवातीला ते काम कॉलेजातल्या विद्यार्थिनी करायच्या. एकजण वक्तृत्व स्पर्धेसारखी वाचायची, दुसरी अंगाईसारखी. पोरं त्या त्या सुरात गोल काळे करायची. बाई वैतागायच्या. एके दिवशी मुलुंडच्या शाळेत वाचणारी आलीच नाही आणि बाईंचा स्वतःचा आवाज बसलेला. मी गठ्ठे घेऊन मागे उभी होते.

“विमल, तू वाच,” त्या कुजबुजल्या.

“मी? बाई, मी आठवी…”

“तुला वाचता येतं ना? वाच.”

मी टेबलामागे उभी राहिले. शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा फळ्याजवळ गेले होते आणि तेही नको त्या बाजूने. पहिलंच वाक्य ‘मला शाळेत यायला आवडतं’. आमच्याकडे ळ चा य होतो. मी “शायेत” म्हणाले. वर्ग खदखदून हसला. माझ्या कानांतून धूर निघाला. पण काय करणार, वाक्य दोनदा वाचायचा नियम होता, मी परत वाचलं. परत “शायेत”च आलं. पोरं परत हसली, मग वाकून गोल काळे करायला लागली, आणि आता ती परीक्षेला बसल्यासारखी दिसत नव्हती.

त्या रात्री घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “काऊन भेऊन राहिली एवढी? पोट्टेच तं हायेत, वाघ नाहीत.” त्यांना काय माहीत. वाघ असता तर त्याने माझं शिक्षण विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, “आता सगळ्या शाळांत तूच वाचायचं. कापड मोजताना दर वेळी वेगळी पट्टी घेऊन चालत नाही. उच्चार बदलू नकोस. फक्त आवाज सपाट ठेव. वाक्यात मीठ टाकायचं नाही.”

मग रिकाम्या वर्गात माझी तालीम चालायची. ‘आमच्या वर्गात भांडणं होतात’ आणि ‘आमच्या वर्गात मजा येते’ ही दोन्ही वाक्यं एकाच सुरात, जणू स्टेशनवरची सूचना. बाई मागच्या बाकावर डोळे मिटून ऐकायच्या. “मजा शब्दावर हसलीस. पुन्हा.” अशी मी मोजपट्टी झाले. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत, शिक्षक वर्गाबाहेर, दार बंद, बाकांमधून फिरायचं नाही, कुणाच्या कागदाकडे बघायचं नाही. शिपाईलोक मला बघून ओरडायचे, “आलं बघा, हवामान खातं आलं!”

गिऱ्हाइकंही एकेक. एका बाईंनी आमच्या येण्याच्या दिवशी सकाळीच अख्ख्या वर्गाला लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या. गालात गोळी धरून पोरं ‘बाई प्रेमाने वागतात’ला नेहमी, नेहमी. एक सर दाराबाहेर उभे राहून खाकरायचे. त्यांच्याबद्दलचं वाक्य आलं की खाकरणं. आत पोरांची मुंडकी खाली. बाईंनी तो वर्ग परत मोजला, सरांना कॅन्टीनला चहाला नेऊन.

पण मला सांगायची आहे ती सातवी ‘ड’.

घाटकोपर पूर्वेची शाळा, मराठी माध्यम. अ मध्ये हुशार, ब मध्ये बरे, क मध्ये उरलेले आणि ड मध्ये क नेही नको म्हटलेले. नापास झालेले, पहाटे पेपर टाकून येणारे, धाकट्या भावंडांना सांभाळून उशिरा येणाऱ्या मुली. वर्गशिक्षिका घाडी बाई. मालवणच्या बाजूच्या, ठेंगण्या, आवाज असा की खाली मैदानात पी.टी. थांबायची. त्या तात्पुरत्या जागेवर होत्या. ड तुकडी होती म्हणून त्या होत्या.

आणि हेडसरांना ड तुकडी नको होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मोडायची, पोरं बाकीच्या तीन वर्गांत वाटून टाकायची, असं त्यांच्या मनात होतं. संस्थेच्या मंडळींना पटवायला काहीतरी कागद हवा होता. त्यांनी लिमये बाईंना उघडच सांगितलं, “बरं झालं आलात. त्या वर्गाचं वातावरण किती बिघडलंय ते एकदा आकड्यात येऊ दे.”

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, “ऐकलंस? विसरून जा आणि वाच.”

पहिल्या दिवशी मी ड च्या दारात पोचले तेव्हा घाडी बाईंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. “रे मेल्या, खय बघतस? समोर बघ! ही ताई लांबून इली हा, तिका त्रास दिलात तर बघा!” मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात, “त्या खिडकीकडच्याचा कान दुखतोय. जरा मोठ्यान वाच हां.” आणि गेल्या.

मी वाचलं. सपाट. मधेच एक मुलगा उशिरा आला, घामाघूम. त्याच्या शेजाऱ्याने न बोलता सरकून जागा केली आणि स्वतःची पेन्सिल अर्धी मोडून दुसरं टोक त्याला दिलं. मी हे बघायला नको होतं, पण बघितलं.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “ताई, हे बाईंना दाखवणार काय?”

“नाही.”

“हेडसरांना?”

“तुमचा कागद कुणालाच नाही.”

“मग लिवतो.”

बेरजा आल्या तेव्हा ड तुकडी चारी वर्गांत वर. नुसती वर नाही, हुशार अ च्याही बरीच वर. गंमत म्हणजे ‘बाई आमच्यावर ओरडतात’ला झाडून सगळ्यांचं ‘नेहमी’, आणि ‘बाई आमचं ऐकून घेतात’लाही ‘नेहमी’.

हेडसरांना प्रत्येक वर्गाचा एकूण आकडा सांगायचं बाईंनी कबूल केलं होतं. तो ऐकून त्यांनी खुर्ची मागे सारली. मी दाराशीच उभी होते.

“शक्य नाही, मॅडम. पोरांना कुणीतरी खुणावलेलं आहे.” मग माझ्याकडे बोट. “ह्या वाचतात ना? ह्यांचं शिक्षण काय?”

बाई म्हणाल्या, “आठवी.”

“झालं तर मग.”

ते तीन शब्द मी अजून विसरले नाही. बाईंनी मात्र आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “शंका आली तर परत मोजायचं असतं. सुट्टीच्या आधी परत मोजू. या वेळी दुसरं कुणी वाचेल.”

परतताना रिक्षात मी विचारलं, “बाई, मी खरंच मीठ टाकलं असेल का? मला कळलं नसेल?”

“टाकलं असशील तर आकड्यात दिसेल.”

म्हणजे आता दोन गोष्टी एका पारड्यात. दुसऱ्या वेळी आकडा खाली आला तर मी खोटी, ड मोडणार, आणि घाडी बाई जूनपर्यंतही टिकणार नाहीत. ते दिवस मी काय शिजवलं आणि काय खाल्लं सांगता येणार नाही. आमच्या ह्यांनी एकदा मिठाचा डबाच लपवून ठेवला, चिडवायला. मी हसले नाही तेव्हा त्यांनी तो गुपचूप परत ठेवला.

दुसऱ्या वेळी कॉलेजातली एक विद्यार्थिनी आत गेली. स्वच्छ पार्ल्याचं मराठी, एक उच्चार इकडचा तिकडे नाही. मी बाहेर जिन्यावर, गठ्ठ्यांच्या पिशवीवर. दार बंद होण्याआधी आतून कुणीतरी विचारलेलं ऐकलं, “आधीच्या ताई कुठंयत?” मला वाटलं, चला, आठवण तरी आहे.

बेरजा बाईंच्या पार्ल्याच्या घरी केल्या. मी वाचायचे, त्या मांडायच्या. अर्ध्यातच मला कळलं होतं. आकडा खाली आला. थोडाथोडका नाही, ड थेट क च्या शेजारी जाऊन बसली.

“मग मीच, बाई,” मी म्हणाले. पेन खाली ठेवलं. उद्यापासून परत शाईचा दांडा, तोही त्यांनी ठेवलं तर.

बाई चष्मा शोधत होत्या. मी त्यांच्या डोक्यावरून काढून हातात दिला. मग त्यांनी एकूण आकडा बाजूला सारला आणि एकेक वाक्य घेतलं.

“विमल, हे बघ. ‘भांडणं होतात’, बिघडलंय. ‘मुलं एकमेकांना चिडवतात’, बिघडलंय. ‘एकमेकांच्या वस्तू घेतात’, ‘वर्गात गोंगाट असतो’, सगळी बिघडली. आणि ‘बाई ऐकून घेतात’? जसंच्या तसं. ‘बाई सगळ्यांना सारखं वागवतात’? तसंच. ‘ओरडतात’? तेही तसंच.” त्यांनी कागद खाली ठेवला. “इतक्या थोड्या दिवसांत वर्ग एवढा भांडकुदळ कसा झाला? आणि झाला तर बाईंचं एकही वाक्य हललं कसं नाही? हे तुझ्या आवाजाने होणारं नाही. पण कशाने, ते मला कळत नाही.”

कळलं ते मला, आणि त्यात माझी हुशारी काही नाही. आमच्या पेन्सिलींचा डबा ड च्या वर्गात राहिला होता, तो आणायला गेले. मधली सुट्टी. नळापाशी ड ची मॉनिटर, संगीता, हात धूत होती. दोन वेण्या, एका वेणीला रिबन, दुसरीला सुतळी. मला बघून धावत आली.

“ताई! तुमची नोकरी नाय ना गेली?”

“का गं? कशाला जाईल?”

“हेडसर आले होते ना वर्गात. विचारत होते, त्या ताईंनी सांगितलं का सगळं चांगलं लिहा? आम्ही बोललो नाय. तर बोलले, मग सगळंच चांगलं कसं आलं? शोधून काढतो म्हणाले. मग तुम्ही आलाच नाय, ती दुसरी आली. आम्हाला वाटलं तुम्हाला काढलं.”

“मग?”

“मग काय! दार लागायच्या आत ठरवलं. थोडं खराब लिवायचं. म्हणजे सर बोलणार, हां, आता खरं वाटतंय, त्या ताईंनी काय शिकवलं नव्हतं.” ती माझ्याकडे शाबासकीसाठी बघत होती. “बरोबर केलं ना?”

मी विचारलं, “पण बाईंबद्दल तर तुम्ही काहीच खराब नाही लिहिलं.”

“बाईंबद्दल कसं लिवणार? ते खोटं झालं असतं ना!”

“आणि स्वतःबद्दल लिहिलंत ते?”

संगीताने ओले हात फ्रॉकला पुसले. “आमच्याबद्दल काय, ताई. लोक बोलतातच.”

पेन्सिलींचा डबा तिथेच राहिला. मी तडक अंधेरीला गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या, आणि मध्येच त्या हसायला लागल्या, मग हसणं थांबवून डोळे पुसले. म्हणाल्या, “सत्यानाश! आता दोन्ही मोजण्या गेल्या. ठरवून लिहिलेलं वापरता येत नाही. आणि पहिली एकटीही चालणार नाही, कारण तिच्यावर शंका आहे.” त्यांच्या प्रबंधातला सगळ्यात चांगला वर्ग गेला होता, आणि त्यांना राग येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हेडसरांकडे. बाईंनी मला बाहेर उभं केलं नाही, शेजारच्या खुर्चीत बसवलं.

“सर, सातवी ड चे आकडे मी वापरू शकत नाही.”

“मी म्हणत नव्हतो?”

“मुलांनी ठरवून खोटं लिहिलं.”

“बघा! हेच! हेच वातावरण!”

“स्वतःविरुद्ध,” बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. सरांनी रुमालाने टेबलावरची काच पुसली. काचेखाली जुन्या एका तुकडीचा फोटो होता.

“कोणी ठरवलं हे?”

“ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही.” मग बाई थोडं पुढे झुकल्या. “सर, कुणाच्याही सूचनेशिवाय, दार लागायच्या आत, इतकी मुलं एका मताने वागली. माझ्या यादीत एवढी एकी मोजणारं वाक्य नाही. तुम्ही तुकडी मोडलीत तर ही पोरं तिन्ही वर्गांत पसरतील. तुमची मर्जी.”

वर कुठूनतरी घाडी बाईंचा आवाज आला. कुणाच्यातरी नावाने.

सर म्हणाले, “म्हणजे आत्ता एका वर्गात आहेत ते तिन्ही वर्गांना हे शिकवतील.”

“शक्यता आहे.”

“मग एकत्रच बरी,” असं म्हणून त्यांनी बेल दाबली आणि तीन चहा सांगितले. ह्याच्यापलीकडे त्यांनी कधी काही कबूल केलं नाही. माझ्याकडे बघून “साखर?” एवढं विचारलं. मी नको असतानाही हो म्हणाले.

सुट्टीनंतर तुकडी होती तशीच राहिली. जूनमध्ये तिची आठवी ड झाली आणि घाडी बाईंनाही त्यांच्याबरोबर वर चढवलं. लिमये बाईंना पुढे पदवी मिळाली. प्रबंधात त्या शाळेचे तीनच वर्ग आहेत आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, एक वर्ग वगळला. तो प्रबंध लिहून झाल्यावरही बाईंनी मला सोडलं नाही. त्यांच्या हाताखालच्या पुढच्या मुलींसाठी मी कितीतरी वर्षं वाचत राहिले. “शायेत”च. बाईंचे उपकार मोजायला मला अजून पट्टी सापडलेली नाही. एवढंच वाटतं, त्या तळटीपेच्या जागी संगीताचं ते उत्तर छापायला हवं होतं.

पेन्सिलींचा डबा मात्र त्याच आठवड्यात आणायला जावंच लागलं. जिन्यात घाडी बाई भेटल्या. हातात वह्यांचा गठ्ठा. त्यांना तुकडी मोडण्याचं माहीत होतं, वाचल्याचंही कळलं होतं, कशी वाचली ते नाही. शिक्षकाला मुलांची उत्तरं सांगायची नाहीत, हा आमचा पहिला नियम.

“काय गो,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा दबका आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. “पोरांनी काय लिवल्यानी माझ्याबद्दल?”

“सांगायची परवानगी नाही, बाई.” माझा आवाज अगदी सपाट. लिमये बाई मागच्या बाकावर असत्या तर त्यांनी डोळे उघडले नसते.

“म्हणजे वायट लिवल्यानी.”

“तेही सांगता येत नाही.”

त्यांनी गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. आवाजाची तालीम झाली होती माझी, तोंडाची कुणी घेतली नव्हती. मग घाडी बाईंनी पदराने नाक पुसलं.

“बरां,” म्हणाल्या. “कळला.”

आणि जिना चढून वर गेल्या. मी खाली फाटकापर्यंत पोचले तेव्हा वरून त्यांचा आवाज अख्ख्या मैदानावर पडला, “रे मेल्यांनो, मी नाय म्हणान धिंगाणो घालतास? बसा खाली!” आणि पाठोपाठ बाकं सरकल्याचा आवाज, सगळी एकदम.